रुपयातले सव्वादोन पैसे

नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंत कर नाही, हे २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर घराघरांत पाठ झाले. पण त्या बारा लाखांच्या अगदी उंबरठ्यावर एक विलक्षण गंमत आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. समजा, एका कचेरीत शेजारी-शेजारी बसणारे दोघे आहेत. पहिल्याचे करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख. कर शून्य. दुसऱ्याचेही तेवढेच, पण मार्चमध्ये त्याला दहा हजारांचा बोनस मिळाला आणि आकडा १२ लाख १० हजारांवर गेला. त्याचा कर किती? १०,४०० रुपये. म्हणजे बोनस दहा हजारांचा आणि त्यापायी कर दहा हजार चारशेचा. जास्त कमावलेल्या माणसाच्या हाती शेजाऱ्यापेक्षा चारशे रुपये कमी!

ही छपाईची चूक नाही आणि सीएचा घोळही नाही. हिशेब असा आहे. बारा लाख मुळात करमुक्त नाहीतच. पहिले ४ लाख करमुक्त, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के, असा ६० हजार कर आधी रीतसर बसतो आणि मग रिबेट म्हणून तो पुसून टाकला जातो. उत्पन्न बारा लाखांच्या वर एक रुपयाने गेले तरी रिबेट जाते. मग एका रुपयासाठी ६० हजारांचा बडगा नको म्हणून कायद्याने एक उशी ठेवली आहे, तिला मार्जिनल रिलीफ म्हणतात. कर हा बारा लाखांच्या वर गेलेल्या रकमेपेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही. दहा हजार वर गेले तर कर दहा हजार. त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे सेस, चारशे. झाले. बारा लाखांपासून सुमारे १२ लाख ७० हजारांपर्यंत प्रत्येक नव्या रुपयावर शंभर टक्के कर आणि वर सेस. हातात पुन्हा बारा लाख पडायला उत्पन्न जवळजवळ १२ लाख ७४ हजारांवर जावे लागते. (पगारदारांनी यात ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळवून आकडे वर सरकवावेत, गंमत तीच राहते.) जुन्या कररचनेत तर ही उशीसुद्धा नाही. तिथे पाच लाखांवर शून्य कर आणि पाच लाख दहा रुपयांवर तेरा हजार.

सरकार करकपात जाहीर करते, वर्तमानपत्रे मोठा आकडा छापतात, टीव्हीवर दोन्ही बाजू तावातावाने भांडतात. पण कर न्याय्य आहे की नाही, कपात कितीची आहे, हे त्या मोठ्या आकड्यावरून बहुधा कळतच नाही. ते कळते पुढच्या रुपयाकडे पाहिल्यावर. आज मी जे कमावतो त्यावर आणखी एक रुपया कमावला तर त्यातला माझ्याकडे किती उरतो? करशास्त्रातला सगळ्यात चमत्कारिक प्रश्न मला हाच वाटतो, आणि भारताने या प्रश्नाचे जगातल्या सर्वांत टोकाच्या उत्तरांपैकी एक देऊन पाहिले आहे. ते देणारा अर्थमंत्री मराठी होता, आणि तीन वर्षांनी ते मागे घेणाराही तोच.

त्याआधी एक गैरसमज बाजूला करायला हवा, कारण तो शिकलेल्या लोकांतही घट्ट रुतलेला असतो. ‘पगार वाढला तर वरच्या स्लॅबमध्ये जाईन, मग सगळ्याच पगारावर जास्त कर पडेल’ असे म्हणून पगारवाढीची धास्ती घेणारे लोक असतात. तसे होत नाही. चाळीच्या नळाला हंडे-कळशा रांगेने लावलेल्या असाव्यात आणि एक भरला की धार दुसऱ्यात सोडावी, तसे उत्पन्न स्लॅबमध्ये भरत जाते. पहिल्या हंड्यातल्या पाण्याला पहिला दर, दुसऱ्यातल्याला दुसरा. शेवटचा हंडा महागडा असला तरी आधीचे हंडे महाग होत नाहीत. म्हणून ‘मी ३० टक्क्यांत आहे’ असे म्हणणाऱ्याचा एकूण कर स्लॅबच्या हिशेबाने उत्पन्नाच्या तीस टक्के कधीच नसतो. त्याचा शेवटचा रुपया तीस टक्क्यांत असतो. सरासरी दर वेगळा आणि शेवटच्या रुपयाचा दर वेगळा. खिशाला झळ लागते सरासरी दराची. माणूस जास्त काम करायचे की नाही, पैसा दाखवायचा की लपवायचा, हे मात्र शेवटच्या रुपयाच्या दराकडे पाहून ठरवतो.

आता १९७१ मध्ये जाऊ. मार्चमध्ये ‘गरीबी हटाओ’ म्हणत इंदिरा गांधी प्रचंड बहुमताने आल्या होत्या. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते. मे महिन्यात अर्थमंत्री यशवंतराव चव्हाणांनी अर्थसंकल्प मांडला. देवराष्ट्र्याच्या शेतकरी घरातून आलेला, महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झालेला, चीन युद्धानंतर संरक्षण आणि मग गृह खाते सांभाळलेला हा माणूस. आदल्या वर्षी स्वतः इंदिराबाईंनीच अर्थखाते हाती असताना प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ८५ टक्क्यांवर नेला होता, त्यावर १० टक्के अधिभार. चव्हाणांनी मूळ दराला हात लावला नाही. त्यांनी अधिभार १५ टक्के केला.

८५ आणि १५ मिळून शंभर होतात म्हणून वाचक दचकेल, पण अधिभार हा करावरचा कर असतो. ८५ चे १५ टक्के म्हणजे पावणेतेरा. बेरीज ९७.७५ टक्के. दोन लाखांच्या वरच्या उत्पन्नावर हा दर. सरकारचे पावणेअठ्ठ्याण्णव पैसे, कमावणाऱ्याचे सव्वादोन. त्या काळात दोन लाख ही छोटी रक्कम नव्हती, मोजक्याच माणसांना हा दर लागू पडायचा. पण ज्यांना पडायचा त्यांच्या डोळ्यांनी पाहा. दोन लाखांवर आणखी एक लाख कमावले, तर हातात पडणार २,२५० रुपये. एखादा नामांकित वकील आणखी एक खटला घेईल? कारखानदार रात्री जागून नवी यंत्रे बसवील? नट तिसरा चित्रपट चेकने साइन करील?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुंबईत सगळ्यांना ठाऊक होते. चेकने थोडे, बाकीचे ‘ब्लॅक’मध्ये.

मूळ दराऐवजी अधिभारच का वाढवला, यातही एक बारकी मेख आहे. प्राप्तिकराचा पैसा केंद्राला राज्यांबरोबर वाटून घ्यावा लागतो. अधिभाराचा लागत नाही, घटनेतच तशी तरतूद आहे. करदात्याला दोन्ही सारखेच चटके देतात, पण एकाचा पैसा मुंबई-मद्रासकडे वळतो आणि दुसऱ्याचा दिल्लीतच राहतो. ही युक्ती आजही जोरात आहे. आपल्या बारा लाख दहा हजारवाल्याचे ते चारशे रुपये सेसचे आहेत, त्यातला छदामही राज्यांच्या वाट्याला जात नाही.

बरे, एवढ्यावर भागत नव्हते. त्याच माणसाकडे मालमत्ता असेल तर तिच्यावर दरवर्षी संपत्ती कर, सत्तरच्या दशकात त्याचा वरचा दर ८ टक्क्यांपर्यंत गेला होता. मालमत्तेवर वर्षाला दहा टक्के उत्पन्न मिळाले, त्यातले पावणेअठ्ठ्याण्णव टक्के प्राप्तिकरात गेले आणि शिवाय मूळ मालमत्तेवर आठ टक्के कर, तर बेरीज उत्पन्नाच्या बरीच वर जाते. म्हणजे कायदा तंतोतंत पाळणाऱ्या श्रीमंताला कर भरण्यासाठी मालमत्ता विकावी लागेल. आणि मेल्यावर इस्टेट ड्युटी होतीच. ती १९५३ मध्ये आली, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, आणि तिचाही वरचा दर पुढे ८५ टक्क्यांवर गेला.

हे सगळे कुणाच्या डोक्यातून निघाले? साधारण उत्तर ‘समाजवाद’ असे मिळते. खरे उत्तर जास्त मजेदार आहे. १९५६ मध्ये केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर भारताच्या करपद्धतीचा अभ्यास करायला आले. त्यांनी सुचवले की संपत्तीवर कर लावा, भांडवली नफ्यावर लावा, देणग्यांवर लावा, उधळपट्टीवर म्हणजे खर्चावरही लावा. असे चारी बाजूंनी जाळे विणले की कुणी निसटणार नाही, आणि मग प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ४५ टक्क्यांवर आणा. दर कमी करणे हा त्यांच्या योजनेचा कणा होता. आपण काय केले? त्यांनी सुचवलेले कर घेतले आणि दर कमी करायची शिफारस ठेवून दिली. खर्च कर तर १९५७ मध्ये आला, १९६२ ला गेला, १९६४ ला परत आला आणि १९६६ ला पुन्हा गेला. वैद्याने चार कडू औषधे आणि वर पथ्य कमी करा असे लिहून द्यावे आणि रोग्याने औषधे दुप्पट घेऊन पथ्यही दुप्पट करावे, असा प्रकार झाला.

या काळातली एक गोष्ट आज खरी वाटणार नाही. मुंबईत प्राप्तिकरावरचे भाषण ऐकायला क्रिकेटचे मैदान भरायचे. नानी पालखीवाला हे कायदेपंडित १९५८ पासून दरवर्षी अर्थसंकल्पावर बोलत. सुरुवात ग्रीन्स हॉटेलच्या छोट्या सभागृहात झाली. पुढे गर्दी इतकी वाढली की सभा ब्रेबॉर्न स्टेडियमवर न्यावी लागली. हातात कागद नाही, आकडे तोंडपाठ, आणि समोर कारकुनापासून कारखानदारापर्यंत सगळे. १९९४ पर्यंत हे चालले. फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ या संस्थेच्या व्यासपीठावरून होणारी ही भाषणे अर्थातच एका बाजूची होती, पालखीवाला उद्योगजगताच्या फार जवळचे होते आणि त्यांची सहानुभूती कुठे आहे हे लपत नसे. तरी लोक जात. अधिभार म्हणजे काय, तो करावर कसा बसतो, हे संध्याकाळी गार वाऱ्यावर ऐकून लोक लोकलने घरी जात. अर्थसंकल्पाच्या रात्री एका पडद्यावर आठ चौकटींतून आठ जण एकाच वेळी ओरडण्याच्या आजच्या कार्यक्रमापेक्षा ते मला बरे वाटते.

इकडे सरकारनेच नेमलेली एक समिती काम करत होती. माजी सरन्यायाधीश के. एन. वांच्छू तिचे अध्यक्ष. डिसेंबर १९७१ मध्ये तिचा अहवाल आला. १९६८-६९ या एका वर्षात कर चुकवलेले उत्पन्न १,४०० कोटी रुपयांचे असावे, असा तिचा अंदाज होता. करबुडवेगिरीचे पहिले कारण म्हणून तिने करांच्या चढ्या दरांकडेच बोट दाखवले, आणि सर्वोच्च दर अधिभारासकट ७५ टक्क्यांवर आणावा असे सुचवले. श्रीमंतांच्या संघटनेने नव्हे, सरकारच्याच समितीने.

चव्हाणांनी दोन वर्षे थांबून १९७४ च्या अर्थसंकल्पात ते बव्हंशी मान्य केले. मूळ दर ७० टक्के, अधिभार १० टक्के, बेरीज ७७. ज्याने पावणेअठ्ठ्याण्णव केले त्यानेच सत्त्याहत्तर केले. सार्वजनिक जीवनात असे क्वचित घडते.

आता जरा थांबून या कपातीकडे पाहा, कारण खरी जादू इथे आहे. सरकारच्या बाजूने पाहिले तर ९७.७५ वरून ७७, म्हणजे प्रत्येक रुपयामागे सुमारे एकवीस पैशांचे नुकसान. कमावणाऱ्याच्या बाजूने पाहा. त्याच्या हाती आधी सव्वादोन पैसे उरत होते, आता तेवीस. दहापट! सरकारने आपल्या वाट्याचा साधारण पाचवा हिस्सा सोडला आणि समोरच्याचा मोबदला दसपट झाला. त्या वरच्या स्लॅबमध्ये दाखवले जाणारे उत्पन्न सव्वापटीहून किंचित जास्त झाले तरी सरकारची भरपाई होते. मोबदला दहापट झाल्यावर एवढी वाढ होणे काही अशक्य नाही.

हाच हिशेब आजच्या दरांवर करून पाहा. २०२५ मध्ये २० ते २४ लाखांच्या टप्प्यावरचा दर ३० वरून २५ टक्के झाला. सरकारने आपल्या वाट्याचा सहावा हिस्सा सोडला. कमावणाऱ्याच्या हाती सत्तर पैशांचे पंच्याहत्तर झाले, म्हणजे मोबदला फक्त ७ टक्क्यांनी वाढला. भरपाईसाठी मात्र त्या टप्प्यातले उत्पन्न २० टक्क्यांनी वाढायला हवे. सात टक्के जास्त मिळतात म्हणून कोण वीस टक्के जास्त काम करतो? १९७४ ची कपात आणि २०२५ ची कपात, दोन्ही ‘करकपात’च. दोन्हींना एकच युक्तिवाद लावून चालत नाही, कारण दर शंभराच्या जवळ असतो तेव्हा एकेक टक्का हत्तीएवढा असतो आणि दर तिशीत असतो तेव्हा मुंगीएवढा.

योगायोग पाहा. चव्हाणांचा हा अर्थसंकल्प फेब्रुवारी १९७४ चा. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात वॉशिंग्टनमधल्या एका हॉटेलात आर्थर लॅफर या अर्थतज्ज्ञाने डिक चेनी, डोनाल्ड रम्सफेल्ड हे राजकारणी आणि पत्रकार ज्यूड वॅनिस्की यांच्यासमोर रुमालावर एक वक्ररेषा काढून दाखवली, अशी प्रसिद्ध कथा आहे. दर शून्य तर वसुली शून्य, दर शंभर तरी वसुली शून्य, मध्ये कुठेतरी शिखर. तसा एक रुमाल अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेलाही आहे. खुद्द लॅफर यांनी मात्र नंतर लिहिले की त्या हॉटेलात रुमाल कापडी होते आणि चांगल्या वस्तू खराब करू नयेत अशी आईची शिकवण होती! आणि ही कल्पना आपली नव्हे, चौदाव्या शतकातल्या इब्न खल्दूनने ती मांडली होती, असेही ते सांगत आले.

ती वक्ररेषा खरी आहे, यात मला शंका नाही. तिच्या नावावर जे विकले जाते त्याबद्दल आहे. रेषा एवढेच सांगते की शिखर कुठेतरी आहे. ते कुठे आहे हे रेषेवरून कळत नाही. ९७.७५ वर बसलेला देश शिखराच्या पलीकडच्या उतरणीवर होता, असे मानायला भरपूर जागा आहे. पण म्हणून ३० वरून २५ वर येणारा देशही त्याच उतरणीवर आहे असे सिद्ध होत नाही. आपल्याकडे पुढे दर एकूणात उतरत गेले. १९७६ मध्ये ६६ टक्के, १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांनी ५०, १९९२ मध्ये मनमोहन सिंगांनी मूळ दर ४०, १९९७ मध्ये चिदंबरम यांनी १०-२०-३०. प्रत्येक वेळी पुढच्या वर्षांत वसुली वाढलेली दिसते आणि प्रत्येक वेळी तिचे श्रेय कपातीला दिले जाते. पण १९८५ मध्ये कपातीबरोबर छापेही पडत होते, १९९७ मध्ये दडवलेले उत्पन्न स्वेच्छेने जाहीर करण्याची योजनाही होती, आणि नंतर पॅनचा वापर वाढला, टीडीएसचे जाळे पसरले, संगणक आला. वसुलीतली किती वाढ दरांमुळे आणि किती पकडले जाण्याच्या भीतीमुळे, हे वेगळे काढणे भल्याभल्यांना जमलेले नाही.

जे कर खरोखर निरुपयोगी ठरले त्यांची कथा थोडक्यात संपते. १९८५ मध्ये इस्टेट ड्युटी गेली तेव्हा तिच्यातून वर्षाला सुमारे २० कोटी येत होते. संपत्ती कर २०१५ मध्ये अरुण जेटलींनी रद्द केला, २०१३-१४ मध्ये त्यातून अख्ख्या देशात १,००८ कोटी आले होते. एवढ्या मोठ्या देशात एवढेच! ८५ टक्के आणि ८ टक्के हे दर भाषणात दणदणीत वाटायचे, तिजोरीत खुळखुळायचेसुद्धा नाहीत. पळवाटा इतक्या होत्या की कर भरणारा बहुधा सल्लागार न परवडणाराच असे. वारसा कराची मागणी आज पुन्हा होते आहे आणि विषमता पाहता तिच्यात अर्थ आहे, पण मागणी करणाऱ्यांनी आधी हे वीस कोटी समजून घ्यावेत.

मग २०२५ ची कपात कुणाच्या किती कामाची? सरकार म्हणाले, आम्ही सुमारे १ लाख कोटी रुपयांवर पाणी सोडले. बारा लाखवाल्याचे ८० हजार वाचले. अठरा लाखवाल्याचे ७० हजार. पंचवीस लाखवाल्याचे १ लाख १० हजार. हे आकडे अर्थमंत्र्यांच्या भाषणातलेच. भाषणात नव्हता तो आकडा तेरा लाखवाल्याचा: २५ हजार. तुम्हीच ताडून पाहा, सेस सोडून. आधी १ लाख, आता ७५ हजार. बारा लाखांच्या शिखरावर ऐंशी, लगेच पुढे पंचवीसची दरी, मग हळूहळू चढण आणि चोवीस लाखांपासून पुढे एक लाख दहा हजारांचे पठार. न्यायाच्या कोणत्या तत्त्वाने हा आलेख निघतो, हे मला सांगता येणार नाही. ‘बारा लाख’ हा आकडा तोंडात बसतो म्हणून तो असा निघतो.

आणि याच पठारावर तीन शेजारी पाहा. एकाचा पगार मोठा, त्याच्या शेवटच्या रुपयावर ३० टक्के. दुसरा वर्षभर ठेवलेले शेअर विकून तेवढेच कमावतो, त्याला सव्वा लाखांच्या वर साडेबारा टक्के. तिसरा बागायतदार, शेतीचे उत्पन्न म्हणून शून्य. वांच्छू समितीनंतर लगेच १९७२ मध्ये के. एन. राज समितीने मोठ्या शेतीवर कर सुचवला होता. तो अहवाल कुणी हाती धरला नाही, द्राक्षे आणि उसाच्या मुलखात तर नाहीच नाही.

कोट्यवधी लोकांना मात्र या चर्चेतले एकही वाक्य लागू पडत नाही. देशात जी विवरणपत्रे भरली जातात त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांचा कर शून्य असतो, आणि विवरणपत्र न भरणारे तर त्यांच्या कित्येक पट. त्यांना करकपात नाही, कारण त्यांना करच नाही, असे म्हणणारे महाभाग भेटतात. त्यांनी पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा उलटा करून पाहावा. त्यावर लिहिलेले असते, ‘सर्व करांसहित’. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी बिस्किटावर १८ टक्के जीएसटी होता. म्हणजे पुडा ४ रुपये २४ पैशांचा आणि कर ७६ पैसे. रोज दोन पुडे घेणारा बांधकाम मजूर वर्षाला साडेपाचशे रुपये फक्त बिस्किटांतून भरत होता आणि त्याला कुणी करदाता म्हणत नव्हते. त्या दिवसापासून बिस्किटे, साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल ५ टक्क्यांत आले.

आता मजा पाहा. त्याच पुड्याची किंमत ५ टक्क्यांनी होते ४ रुपये ४५ पैसे. दुकानात पाच रुपयांचे नाणे टाकले, तर पंचावन्न पैसे परत कसे द्यायचे? पन्नास पैशांचे नाणे चलनात आहे, पण घेतो कोण? वाणी एक गोळी हातावर ठेवणार. म्हणून अशा पुड्यावर करकपात पोचवायचा खरा मार्ग म्हणजे किंमत पाचच ठेवायची आणि वजन वाढवायचे. हिशेबाने पन्नास ग्रॅमचा पुडा छप्पन ग्रॅमचा व्हायला हवा. श्रीमंताची करकपात फॉर्म १६ वर छापून येते, ऐंशी हजार, एक लाख दहा हजार. मजुराची करकपात सहा ग्रॅमची, आणि ती मिळाली की नाही हे पाहायला त्याच्याकडे तराजू नसतो. तरीही माझ्या मते त्या वर्षीची महत्त्वाची कपात ही दुसरी होती.

आणखी एक कर महाराष्ट्रातल्या बहुतेक पगारांच्या स्लिपांवर असतो आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. व्यवसाय कर. कचेरीत सगळे ‘पीटी’ म्हणतात. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापले, असे विचारायला दरवर्षी कुणीतरी अकाउंट्समध्ये जातोच. अकरा वेळा दोनशे अधिक तीनशे, बरोबर अडीच हजार. घटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला वर्षाला अडीच हजारांची कमाल मर्यादा घातली आहे. मूळ मर्यादा अडीचशे होती, ती १९८८ मध्ये घटनादुरुस्तीने वाढवली. त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नाही.

हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला आणि त्यामागची गोष्ट देखणी आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना कायम चालवायची तर पैसा हवा होता. तो शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांकडून व्यवसाय कराच्या रूपाने आणि बागायतदारांसह इतरांकडून वेगवेगळ्या करांच्या रूपाने घ्यायचा, आणि त्यात सरकारने आपली भर घालायची, असे ठरले. म्हणजे फोर्टमधल्या कारकुनाच्या पगारातले काही रुपये माण तालुक्यातल्या पाझर तलावावर जायचे. कर कशासाठी घेतो आणि कुठे खर्च करतो, हे इतके उघडपणे सांगणारे कर आपल्याकडे थोडेच झाले. त्याविरुद्ध मोर्चे निघाल्याचे फारसे कुणाला आठवत नाही.

आणि तरीही त्याचे गणित करून पाहा. महिन्याला बारा हजार मिळवणारा पुरुष वर्षाला अडीच हजार भरतो. महिन्याला बारा लाख मिळवणारा अधिकारीही अडीच हजारच भरतो. (महिलांना आता महिना पंचवीस हजारांपर्यंत माफी आहे.) पहिल्याच्या उत्पन्नाचे पावणेदोन टक्के जातात, दुसऱ्याचे त्याच्या शंभराव्या भागाएवढे. हे बदलायचे तर विधानभवनात ठराव करून भागणार नाही. संसदेत दोन तृतीयांश मते जमवून पुन्हा घटनादुरुस्तीच करावी लागेल.